रुळाकडे तोंड असलेली जिनिंग : तुमच्या गावात आहे का अशी इमारत?

रुळाकाठी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

दिवाळीत गावी गेलो होतो. गाव शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेच्या लाइनवरचं, मूर्तिजापूर ते यवतमाळ या पट्ट्यातलं. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ज्या इमारतीबद्दल लिहितोय तिच्या मालकांच्या तिसऱ्या पिढीत सध्या वाटणीची केस चालू आहे आणि आमचे बाबा रोज सकाळी त्यातल्याच दोघांबरोबर फिरायला जातात.

तर इमारत. स्टेशनपासून तीनशे पावलांवर, रुळाला अगदी खेटून, काळ्या दगडाच्या जोत्यावर विटांची लांबलचक जिनिंग (कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायची जागा) आणि तिच्या एका टोकाला दुमजली प्रेस (रुई दाबून गाठी बांधायची). लहानपणी मला वाटायचं की हिचा पुढचा भाग म्हणजे बाजाररस्त्याकडचा, कारण आम्ही तिकडूनच जायचो. आजोबांनी एकदा हाताला धरून मागे नेलं आणि म्हणाले, बघ, हे तोंड. रुळाकडे चार रुंद दारं, खालचं जोतं बरोबर मालडब्याच्या जमिनीइतकं उंच, आणि दारांच्या वर चुन्यात उमटवलेलं शेठजींच्या आजोबांचं नाव. गाडीतल्या माणसाला वाचता यावं म्हणून नाव तिकडे. बाजाराच्या बाजूला नावही नाही नि गावही नाही, फक्त कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आत यायला मोठं फाटक. कापूस मागून यायचा आणि गाठी पुढून जायच्या.

आजोबा तिथे फिटर होते. प्रेसच्या वरच्या मजल्यावर जमिनीतच एक मोठं चौकोनी भोक आहे, सगळे त्याला 'खिडकी' म्हणायचे. सैल रुई वर न्यायची, त्या खिडकीतून खालच्या पेटीत टाकायची आणि माणसांनी आत उतरून पायांनी तुडवायची, मग दाब द्यायचा आणि तळमजल्यावर पेटी उघडली की लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली गाठ बाहेर. पूर्वीची गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या थोडी वर, आता १७० किलोची धरतात. प्रत्येक गाठीवर प्रेसचा मार्क आणि नंबर मारायचा, १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंगच्या कायद्यापासून ते सक्तीचंच झालं. तो मार्क मारायचा पत्र्याचा एक स्टेन्सिल आमच्या घरी आहे, आई त्यावर आता कढई ठेवते.

आजोबांनंतर बाबांचा काळ. एकाधिकार खरेदी आली, शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा, आणि ही जिनिंग खरेदी केंद्र झाली. बाबा सीझनपुरते काट्यावर लिहायला होते. बंड्यांची रांग पार नाक्यापर्यंत, लोक दोन-दोन रात्री बंडीखालीच झोपायचे, आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, कधी हातात पडेल ते देवालाच ठाऊक. मग जिनिंग बंद. मग खताचं गोदाम. मग खालच्या हॉलमध्ये मंगल कार्यालय आणि वर प्रेसच्या मजल्यावर अकरावी-बारावीचे क्लासेस. मी तिथेच फिजिक्स शिकलोय. 'खिडकी'वर प्लायवूड ठोकलं होतं आणि बरोबर त्यावर सरांचं टेबल. लग्नसराईत खाली बँड सुरू झाला की सरांचं टेबल नाचायचं, मग सर म्हणायचे चला, रेझोनन्स, आज प्रात्यक्षिक. हॉलच्या मधोमध लोखंडी खांबांच्या दोन रांगा. माझ्या ताईचं लग्न तिथेच झालं, तर अर्ध्या वऱ्हाडाला नवरा-नवरी दिसले नाहीत, खांब दिसले.

त्यानंतर फर्निचरचा सेल, कोणतीही वस्तू ९९ रुपयेवाले, मग कुलूप. आणि आता या दिवाळीत बघतो तर... ते नंतर सांगतो. आधी तुमचं येऊ द्या. रुळाच्या बाजूला उभी असलेली, धंदा बदलत बदलत टिकलेली इमारत तुमच्याकडे आहे का?

कारंज्याचा_पाहुणा

भाऊ, तू गाव नाही सांगतलं तरी मले समजलं. पण मी बी नाही सांगत, तुह्या बाबाचं फिरणं बंद व्हाचं.

तू फिटरचं सांगतलं, प्रेसचं सांगतलं, पण बायाचं काऊन नाही सांगतलं? जिनावर तर बायाच बसत. माही आजी होती. एकेका जिनासमोर एक बाई, कापूस लावत राहायचा, रोलर ओढून घेते, रुई इकडं सरकी तिकडं. आवाज असा का घरी आल्यावर बी आजी ओरडूनच बोले. नाकातोंडाले फडकं बांधलेलं आन् केसात रुई. संध्याकाळी घरी आली का आम्ही पोरं म्हणो, आजी म्हातारी झाली, आन् ते डोकं झटके का पुन्हा तरणी.

तिले दमा झाला होता नंतर. तवा कोणी म्हणत नव्हतं का ते रुईनं झालं म्हणून.

सरकी_ढेप

पोचलो. वाचनखूणही साठवली.

एक क्विंटल कापसातून चौतीस-पस्तीस किलोच रुई निघते हो, बाकी सगळी सरकी आणि थोडी घट. म्हणजे जिनिंगचा खरा ढीग सरकीचाच. म्हणून जिनिंगच्या शेजारी तेलघाणा ठरलेला आणि तेलघाण्याच्या शेजारी ढेपेचं (सरकीच्या पेंडीचं) दुकान ठरलेलं आणि ढेपेच्या दुकानापुढे सकाळी सायकलवाले गवळी ठरलेले. आमच्याकडे जिनिंग गेली, घाणा गेला, ढेपेचं दुकान मात्र अजून तिथेच आहे. ढेप आता गुजरातेतून येते.

टिळा_खामगावचा

रुळाकाठी, छान लिहिलंत. थोडी भर घालतो, म्हणजे हे सगळं रुळाच्याच कडेला का जमलं ते कळेल.

१८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, मग मँचेस्टरवाल्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ ला. मुख्य लाइन आमच्या गावाला टाळून जालंबवरून गेली, तर फक्त कापसासाठी जालंब ते खामगाव असा आठ मैलांचा फाटा टाकला आणि १८७० ला तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. आठ मैलांच्या फाट्याला व्हाइसरॉय! आज आठ मैलांच्या रस्त्याला आमदार यायला तयार नाहीत.

सैल रुई म्हणजे हवा, डबा भरतो पण वजन काही नाही. दाबून गाठ केली तरच भाडं परवडतं. त्यामुळे प्रेस रुळापासून जितकी दूर तितका तोटा, असा साधा हिशेब. किलिक निक्सनने १९१० ला सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून ही शकुंतला टाकली तीही कापूस गोळा करून मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीला आणून द्यायलाच. माणसं नंतर बसली. पुलगाव-आर्वीचंही तेच.

रुळाकाठी

@कारंज्याचा_पाहुणा, चूक कबूल. आजोबांच्या गोष्टींत बाया कायम 'तिकडच्या शेडमध्ये' असायच्या, मीही तसंच लिहून टाकलं बघा.

@टिळा_खामगावचा, शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१ चं, मँचेस्टरलाच बनलेलं, ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावत होतं. म्हणजे मी सात वर्षांचा असेपर्यंत आमच्या गावात वाफेचं इंजिन यायचं हे पुण्यात ऑफिसात सांगितलं की लोक माझं वय विचारतात.

लालबागचा_पोरगा

मस्त धागा. आमच्याकडे जिनिंग नाही, गिरण्या. तुमची ती गाठ आमच्याकडेच यायची ना शेवटी.

लोअर परळ स्टेशनच्या पुलावर उभे राहा, दोन्ही बाजूंना रुळ आणि रुळांना लागून सगळी गिरण्यांची कंपाउंडं. वडील साच्यावर (मागावर) होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर, आणि तो संप मागे घेतला असं कोणी अधिकृत अजून म्हटलेलं नाही, त्यामुळे आमचे वडील गंमतीत म्हणायचे मी अजून संपावर आहे. हसायचे नाहीत पण म्हणताना.

मग १९९१ चा नियम ५८, गिरणीची जमीन विकायची तर तीन वाटे, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला त्यात असा बदल केला की वाटा फक्त मोकळ्या जमिनीचा निघणार, इमारतीखालच्या जमिनीचा नाही. आता गिरणीत मोकळी जमीन असते किती? सगळं शेडच. २००६ ला सुप्रीम कोर्टात पण तेच टिकलं. म्हणजे बघा, जुनी इमारत उभी ठेवण्यात मालकाचा फायदा झाला म्हणून काही शेड वाचल्या, कुणाला वारसाबिरसाचं प्रेम आलं म्हणून नाही. एका गिरणीत कामगारांच्या करमणुकीसाठी म्हणून परवानगी निघाली आणि तिथे बोलिंग ॲली आली. माझे वडील गेले होते बघायला एकदा, गेटवरच्या सिक्युरिटीने विचारलं कोणाकडे जायचंय. कोणाकडे जायचंय!! तीस वर्षं त्याच गेटातून आत गेलेला माणूस.

फिनिक्सची चिमणी आहे अजून, मॉलच्या मध्ये. पोरं तिच्या खाली सेल्फी काढतात. काढू देत.

अर्धवट_आर्किटेक्ट

धागाकर्ते, एक प्रश्न, खताच्या गोदामानंतर भिंतींचं खालचं दोन-तीन फूट प्लास्टर सारखं पडतं का? पांढरी पावडर येते? मग लग्नासाठी म्हणून कोणीतरी सिमेंटचं प्लास्टर मारलं असेल आणि वर ऑइलपेंट. बरोबर?

रुळाकाठी

अहो तुम्ही आमच्याच गावचे की काय. बरोबर. गुलाबी ऑइलपेंट. आणि पावडर इतकी की ताईच्या लग्नात भिंतीला टेकलेल्या प्रत्येक शेरवानीवर मागे पांढरा शिक्का.

अर्धवट_आर्किटेक्ट

नाही हो, मी नाशिकचा. पण अशा दहा तरी इमारती बघितल्यात आणि गोष्ट दर वेळी हीच. खताचे क्षार विटेत उतरतात, पावसाळ्यात ओल धरतात, उन्हाळ्यात बाहेर येऊन विटेचा वरचा थर ढकलून देतात. चुन्याची भिंत असते तोवर ती ओल सोडते, श्वास घेते म्हणा. सिमेंट नि ऑइलपेंट लावला की ओल आत कोंडते आणि वीट सडते. त्यामुळे जुन्या इमारतीचा खरा शत्रू म्हातारपण नव्हे, मधला एखादा भाडेकरू असतो. तुमच्या केसमध्ये खतवाला.

दुसरं म्हणजे ते लोखंडी खांब ओतीव असणार. ओतीव लोखंड सरळ वरून येणारं वजन मजेत पेलतं, पण बाजूने धक्का बसला किंवा कोणी वेल्डिंग करून त्याला लोंबकळवलं की तडकतं. ट्रक रिव्हर्स घेताना एक खांब उडाला तर वरचा मजला सोबत येईल. हे सगळ्या भाडेकरूंना लिहून द्या.

आणि तुमच्या त्या 'खिडकी'बद्दल. प्लायवूडवर टेबल, टेबलवर मास्तर, आणि समोर पन्नास पोरं. वाचूनच पोटात गोळा आला.

फेअरलॉनची_मावशी

मी न्यू जर्सीत फेअर लॉनला राहते, त्यामुळे माझं थोडं लांबचं आहे पण अगदी याच विषयातलं, चालेल ना?

न्यूयॉर्कला चेल्सी मार्केट म्हणून आहे, मॅनहॅटनच्या पश्चिमेला. ती मूळची नॅशनल बिस्किट कंपनीची, म्हणजे नबिस्कोची फॅक्टरी, ओरिओ बिस्किट १९१२ ला तिथेच जन्मलं. १९३४ ला खांबांवरून जाणारी मालगाडीची लाइन सुरू झाली आणि ती गाडी चक्क फॅक्टरीच्या इमारतीतूनच जायची, रस्त्यावर उतरायचा प्रश्नच नाही. तुमचं ते डब्याच्या उंचीचं जोतं आहे ना, तसंच, फक्त वरच्या मजल्यावर. १९५८ ला कंपनी तिथून उठली आणि आली कुठे तर आमच्या फेअर लॉनला, कारण तोवर हायवे आणि ट्रकचे दिवस आले होते, उंच इमारतीत माल वर-खाली करण्यापेक्षा मोकळ्या जागेत एकमजली फॅक्टरी परवडायला लागली. खांबांवरच्या लाइनीची शेवटची गाडी १९८० ची, तीन डबे, तेही गोठवलेल्या टर्कीचे.

मग १९९७ ला त्याच इमारतीत खाण्यापिण्याचं मार्केट, वर टीव्ही चॅनेल नि ऑफिसं, २००९ ला त्या बंद लाइनीवर बाग झाली हाय लाइन म्हणून, आणि २०१८ ला गुगलने ती इमारत २४० कोटी डॉलरला घेतली. विटा त्याच, गंजके पाइप मुद्दाम दिसतील असे ठेवलेत. माझा मुलगा म्हणतो आई, गंज विकतात इथे.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. फेअर लॉनची फॅक्टरी २०२१ ला बंद झाली. मी इथे आले तेव्हा हायवेवरून जाताना गाडीच्या काचा बंद असल्या तरी बिस्किटं भाजल्याचा वास यायचा, थंडीत जास्तच. पहिल्या वर्षी घरची फार आठवण यायची तेव्हा मी उगाच त्या रस्त्याने चक्कर मारायची, आमच्या सांगलीच्या बेकरीसारखा वास म्हणून. मॅनहॅटनची सव्वाशे वर्षांची इमारत टिकली आणि तिच्यानंतरची, तिच्यापेक्षा सोयीची, ती गेली. तिच्या विटांचे फोटो कोणी काढले नाहीत. ती सुंदर नव्हती ना.

सरकी_ढेप

मावशी, शेवटचं वाक्य लागलं. आमच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडसाठी पण कोणी धागा काढणार नाही.

खोचक_खंडू

सगळं ठीक आहे, पण जरा रडगाणं कमी करूया का? जिनिंग बंद पडली कारण जुनी यंत्रं, कापसात कचरा, चामड्याच्या रोलरचा क्रोम रुईत. २००० साली सरकारने कापसाचं टेक्नॉलॉजी मिशन काढलं ते याचसाठी. अनुदान घेऊन हायवेला नव्या जिनिंगा झाल्या, फरसबंद आवार, आपोआप कापूस उचलणारी यंत्रं, स्वच्छ गाठ. शेतकऱ्याचा फायदाच झाला. रुळाजवळच्या जुन्या जागांना ट्रक वळवायला जागा नाही, आजूबाजूला वस्ती, आग लागली तर बंब आत जात नाही. गेल्या तर गेल्या. इमारत धंद्यासाठी असते, आठवणींसाठी नाही.

लालबागचा_पोरगा

खंडूशेठ, धंद्यासाठीच असते हो, कोण नाही म्हणतंय, धागा पण धंद्याचाच आहे. प्रश्न एवढाच की नव्या धंद्यात जुन्या माणसाला आत सोडतात का. गेटवर.

कारंज्याचा_पाहुणा

खंडू, आगीचं मात्र बरोबर बोलला तू. रुईची आग मी पायलेली आहे. वरून इझली वाटते, गाठीच्या पोटात आठ-आठ दिवस धुमसत राह्यते. बंबवाले निघून गेले, चौथ्या दिवशी रात्री पुन्हा पेटली. मंग एकेक गाठ फोडून, पसरून, पाणी मारून. गावभर काळी रुई उडून राहिली होती, दोरीवरचे कपडे सारे काळे.

पण भाऊ, फायदा कोणाचा झाला ते माह्या बापाले विचार.

टिळा_खामगावचा

@खोचक_खंडू, रुळाजवळच्या जागा धंद्याला निकामी असं सरसकट नाही. मुंबईचं उदाहरण घ्या. कापसाचा बाजार आधी फोर्टात, मग १८४४ ला कुलाब्याला नेला. तिथे बीबीसीआय रेल्वेचं (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) कुलाबा टर्मिनस, गोदामाजवळच गाडी. मग विसाव्या शतकात शिवडीला भराव टाकून नवी कापसाची गोदामं बांधली आणि बाजार तिकडे गेला, त्यावरूनच स्टेशनचं नाव कॉटन ग्रीन. कुलाबा स्टेशन १९३० च्या अखेरीस बंद, आज तिथे रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क वसाहत आहे. एकाच मालाच्या मागे बाजाराने दोनदा बिऱ्हाड हलवलं. कॉटन ग्रीनला आता कापूस कुठला, पण गोदामं दुसऱ्या मालाला वापरतातच की.

खोचक_खंडू

म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. बाजार हलतो.

टिळा_खामगावचा

बाजार हलतो, इमारत राहते. मी अर्धंच सिद्ध केलंय.

फेअरलॉनची_मावशी

रुळाकाठी, ते 'नंतर सांगतो' म्हणून गेलात ते कुठे राहिलं? दिवाळीत काय बघितलं?

रुळाकाठी

हो हो, सांगतो. ऑफिसात क्लोजिंग होतं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाबांबरोबर फिरायला निघालो. बाजाराच्या बाजूला फाटकाला ते गंजकं कुलूप तसंच, मंगल कार्यालयाची अर्धी पाटी तशीच. म्हटलं बंदच आहे. बाबा म्हणाले मागे चल. रुळाच्या बाजूने गेलो, म्हणजे रूळ आहेत पण गवताखाली, गाडी बंद होऊन काही वर्षं झाली, लोक तिथून पायवाट करून चालतात. तर त्या चारही रुंद दारांचे पत्रे काढलेले, आत ट्यूबलाइट लख्ख, आणि दारापुढे लायनीत उभ्या तीस-चाळीस मोटरसायकली. ऑनलाइन मागवलेल्या सामानाचं कुरियर. पहाटे चारला पिकअप येते, बाजाररस्त्यावर भाजीवाल्यांमुळे वळत नाही म्हणून मागच्या मोकळ्या पट्ट्यातून येते, जोत्याला मागून लागते आणि पिकअपचा फळका बरोबर जोत्याच्या उंचीला. एक पोरगा पार्सलं नुसती ढकलत होता, उचलायचं कामच नाही. मी बाबांकडे बघितलं, बाबा माझ्याकडे. आजोबा असते तर म्हणाले असते, मी सांगितलं नव्हतं का, तोंड हेच.

म्हणजे कित्येक वर्षं माल इथून बाहेर गेला आणि आता त्याच दाराने आत येतो. आत पत्र्याच्या मांडण्या, प्रत्येक मांडणीवर गावांची नावं, ज्या गावांतून बंड्या यायच्या तीच नावं हो, तीच. खांबांना नंबर घातलेत, के-१, के-२ असे. ताईच्या लग्नात ज्या खांबामागे आत्या रुसून बसली होती तो के-७.

अर्धवट_आर्किटेक्ट

पिकअप रिव्हर्स घेते म्हणालात. खांबांपासून किती लांब?

रुळाकाठी

पिकअप बाहेरच थांबते, आत येत नाही. आणि तुमचं वाचून मी मॅनेजर पोराला फोन करून खांबांचं सांगितलं. तो म्हणाला, सर आम्ही त्यांना फोम गुंडाळलाय, पार्सलं आपटतात ना. खांबांसाठी नाही, पार्सलांसाठी. असो, गुंडाळला ना.

खोचक_खंडू

तो मागचा मोकळा पट्टा रेल्वेचा आहे हे त्यांना माहितीय का? उद्या ब्रॉडगेज करायचं ठरलं तर चाळीस मोटरसायकली आणि पिकअप सगळं अतिक्रमणात. भाडेकरार कोणाशी केलाय, वाटणीची केस चालू असताना? मी असतो तर एक रुपया गुंतवला नसता.

रुळाकाठी

माहितीय. अकरा महिन्यांचा करार आहे, दोन भावांनी सही केलीय आणि तिसऱ्याने हरकत घेतलीय. तिसऱ्याचा मुलगा तिथेच डिलिव्हरीला आहे.

कारंज्याचा_पाहुणा

हे पाय, म्हनूनच गाव नाही सांगत होता तू!

बरं, बाया आहेत का आत? कामाले?

रुळाकाठी

आहेत. विचारलंत म्हणून आज मुद्दाम बाबांना फोन करून विचारलं. पार्सलं गावांप्रमाणे लावायला सहा जणी आहेत, पहाटे चार ते नऊ. त्यातली एक आमच्या गल्लीतली, तिची सासू जिनावर बसायची. बाबा म्हणाले आता रुई नाही, पण खोक्यांची धूळ आणि टेपचा आवाज, चर्र चर्र, सतत. त्या पण ओरडूनच बोलतात.

अर्धवट_आर्किटेक्ट

आणि 'खिडकी'?

रुळाकाठी

उघडली. प्लायवूड काढून टाकलं. वर रिटर्नचा माल ठेवतात, म्हणजे लोकांनी परत केलेले शर्ट-बूट वगैरे. ते मोठ्या पोत्यांत भरून वरून खाली सोडतात, खाली ताडपत्री धरून दोघं उभे. मी होतो तेव्हा एक पोतं अडकलं कडेला. वरचा पोरगा वाकून बघत होता, मग सरळ आत उतरला आणि पायाने दाबायला लागला.

सरकी_ढेप

फोटो टाका हो.

रुळाकाठी

काढत होतो, मॅनेजर म्हणाला आत फोटोला परवानगी नाही. बाहेरून दारांवरच्या चुन्यातल्या नावाचा फोटो काढलाय, नावावर त्यांनी फ्लेक्स लावलाय पण एका बाजूने सुटलाय, शेठजींच्या आजोबांच्या नावातली शेवटची दोन अक्षरं दिसतात. घरी लॅपटॉपवर बसलो की चिकटवतो.